त्याच्या चितेवरचे ते एक लाकूड

त्याला झाडे आवडत नसत.

हे वाक्य मी आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात, त्याच्या वर्षश्राद्धानिमित्त भरलेल्या सभेत, उभे राहून आणि आवाज न चढवता उच्चारले. तरीही मला दंड धरून खाली बसवण्यात आले. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, जी स्मशानशेड आहे, तिच्यावर लावायच्या फलकाचा मजकूर त्या वेळी वाचून दाखवला जात होता. 'थोर वृक्षप्रेमी' असे दोन शब्द त्यात होते. तो थोर नव्हता. थोर माणसाबरोबर रोज सकाळी पानठेल्यावर बसून भांडण्याची सोय नसते. आणि वृक्षप्रेमी तर तो मुळीच नव्हता.

"गुरुजी, मेलेल्या मानसाचं वाईट नाही बोलू जी," माझा एक जुना विद्यार्थी, आता पंचायतीचा सदस्य, मागून कुजबुजला.

"वाईट बोलत नाही, खरे बोलतो आहे," मी म्हणालो. "तुला हा भेद सातवीतही कळला नव्हता."

सभा हसली. हसले की प्रश्न मिटतो, असा आमच्या गावाचा जुना समज आहे. पण त्यानंतर त्याचा पुतण्या बोलायला उभा राहिला आणि त्याने जे सांगितले त्यावर कुणी हसले नाही. उलट माना डोलल्या. हा पुतण्या गोंदियाला व्यापार करतो आणि बोलताना अर्धा हिंदीत असतो. तो म्हणाला, "काकाजीनं जिंदगीभर गोवरीचा प्रचार केला. पन आखिर में त्याहीले बी पटलं होतं. मले म्हनले, बेटा, मले लाकडावरच दे. म्हनून तं त्याहीच्या चितेवर लाकूड होतं. साऱ्याईनं पाह्यलं आहे."

लाकूड होते. सर्वांनी पाहिले, मीही पाहिले. परंतु ते तिथे कसे आले हे पुतण्याला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याला त्याने मृताच्या तोंडची साक्ष जोडून दिली. मृताला आपले म्हणणे मांडता येत नाही, हे खरे. पण मी अजून जिवंत आहे, आणि माझी दृष्टी, स्मृती व अक्षर ही तिन्ही शाबूत आहेत. म्हणून हे लिहितो.

प्रथम त्याच्याविषयी. मी त्याचा उल्लेख एकेरीत करतो आहे आणि शेवटपर्यंत करीन. ज्यांना आदरार्थी बहुवचन त्याच्या मरणानंतर सुचले त्यांनी ते खुशाल वापरावे. तो निस्तार डेपोवर बाबू होता. आमची गावे जंगलाच्या कडेची. घराला, नांगराला, चुलीला आणि चितेला लागणारे लाकूड गावकऱ्यांना सवलतीने जिथून मिळे, तो हा डेपो. तिथे त्याची सारी नोकरी गेली आणि उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचे टोकही गेले. ते एका साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, ओंडक्याखाली सापडले होते. गाव त्याला डेपोबाबू म्हणे. मी म्हणत नसे. मी त्याला नुसते "अरे" म्हणे, आणि तो मला "गुरुजी" म्हणे. त्या "गुरुजी"मध्ये आदर किती आणि खोच किती, हे त्याच्या भुवया पाहून ठरवावे लागे.

त्याच्याजवळ वेताच्या मुठीची एक छत्री असे. ती त्याने कधी उघडल्याचे मला स्मरत नाही. पाऊस पडत असताना मी एकदा विचारले, तर म्हणाला, "उघडली तं ठोकू कायनं?" कारण छत्रीचा उपयोग ठोकण्यासाठी होता. ज्या घरी जाई त्या घरची चौकट ठोकून, कान देऊन तो निकाल सांगे. एका गृहस्थाने नवे घर बांधून गावजेवण घातले. हा पंगतीतून उठला, दरवाजा ठोकला आणि भरल्या अंगणात म्हणाला, "सागवान म्हनून देलं का तुमाले? साजा आहे हा. पन चांगला आहे, लपवून काऊन राहिले?" तो गृहस्थ पुढे बरेच दिवस त्याच्याशी बोलला नाही. माझ्या शाळेच्या कार्यालयातले कपाटही त्याने ठोकले होते. "हे कपाट नोहे गुरुजी, हे वाळवीचं वसतिगृह आहे," असा निकाल दिला होता. ते कपाट अजून उभे आहे. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण सध्या त्याला सर्वज्ञ ठरवण्याची जी चढाओढ लागली आहे, तिला थोडा आळा बसावा.

आता वृक्षप्रेमाविषयी. त्याच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, एक आंबा होता. इटियाडोह धरणाचे पाणी आले, धान दोनदा निघू लागले, तेव्हा त्याला जाणवले की आंब्याच्या सावलीखालचा पट्टा मागे पडतो. त्याने तो आंबा पाडला. मी भर पानठेल्यावर त्याची निर्भर्त्सना केली. फळता वृक्ष, बापाने लावलेला वृक्ष, असे माझे सगळे शब्द त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, तुमाले आंबा फळ्यावर काढाले पाह्यजे. मले भात पाह्यजे. सावलीतलं धान पोटरत नाही."

"त्या झाडाने तुझे काय बिघडवले होते?"

"तेच तं सांगून राहिलो. धान बिघडवलं."

दुसऱ्या दिवशी त्याच आंब्याची मनगटाएवढी एक फांदी त्याने माझ्या अंगणात आणून टाकली. "घ्या तुमचा आंबा. आता रोज निबंध लिहा याच्यावर." संतापाने मी ती फांदी उचलून माळ्यावर फेकली. पेटवली नाही, कारण त्याने दिलेल्या लाकडावर माझ्या घरचा चहा उकळावा हे मला मान्य नव्हते.

असा माणूस चितेसाठी लाकूड सोडून गोवरीकडे कसा वळला? पानठेल्यावर अद्यापि सांगतात की तो चिकट होता. लाकडाला पैसा लागतो, शेणाला लागत नाही, म्हणून वळला. हे सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी पाळीवर शेवटपर्यंत थांबला नव्हता. मी थांबलो होतो.

आमच्याकडे अंत्यविधीला 'माती' म्हणतात. देह पुरला तरी माती आणि जाळला तरी मातीच. मातीला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. प्रत्येक घरून एक लाकूड येते. कुणाचे जाड, कुणाचे काटकीएवढे. पण घराचे म्हणून एक. ते मुकाट्याने चितेवर ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. ज्याच्या घरून लाकूड आले नाही, त्या घराचे मृताशी पटत नव्हते असे समजावे.

त्याची बायको धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, भर पावसाळ्यात, वारली. मूलबाळ नव्हते, दोघेच एकमेकांना होते. घरोघरची लाकडे यायची ती आलीच, पण तेवढ्यावर भागणार नव्हते. मुख्य लाकूड डेपोतून यायचे होते. तो स्वतः गेला आणि ते त्याने स्वतः निवडले. आयुष्यभर ज्याने लोकांना 'हे घे, ते नको' असे सांगितले, त्याने त्या दिवशी तिचा मान राहावा म्हणून डेपोतला सर्वांत देखणा माल उचलला. सरळ, जाड, नुकता कापून आलेला साजा. ज्याचे पलंग व्हावेत, दरवाजे व्हावेत असा. जी गोष्ट डेपोच्या फाटकावरचा चौकीदारही जाणत होता ती त्या एका सकाळी त्याला आठवली नाही: जे लाकूड टिकायला उत्तम, ते जळायला नालायक.

वर पाऊस. चिता धुमसत राहिली. रॉकेल झाले, डिझेल झाले. अखेरीस कुणीतरी ट्रॅक्टरचा जुना टायर आणून खाली सरकवला. तो काळा धूर आणि तो वास ज्यांना सोसला नाही ते तळ्यात अंघोळ करून निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. फक्त त्यांनी साक्षीदार म्हणून पुढे येऊ नये. आम्ही दोघेच उरलो. तो म्हणाला, "एक नंबरचं लाकूड देलं म्या तिले, गुरुजी. अन् टायरवर जळाली."

तो विषय तो पुन्हा कधी बोलला नाही, एक प्रसंग सोडून. पुढे त्याचे नाव थोडे झाल्यावर गोंदियाहून एक तरुण वार्ताहर मोबाइल समोर धरून आला आणि विचारू लागला, "बाबूजी, आपने ये सब पर्यावरण के लिए किया ना?" हा म्हणाला, "पर्यावरन कोन्तं बे? माही बायको होती ते." वार्ताहराने ते वाक्य छापले नाही. त्याऐवजी काय छापले असेल ते त्या फलकावरून ओळखावे.

त्या टायरनंतर वर्षभर तो जाळण्याचा अभ्यास करीत होता. गोवरी, धानाचा पेंढा, भातगिरणीतल्या भुशाचे दाबून केलेले ठोकळे, यांची तो अंगणात लहानलहान सरणे रचून पेटवी आणि राख हातात घेऊन चोळून पाही. गिरणीच्या मोडीत निघालेल्या जाळ्या आणि लोखंडी पट्ट्या आणून त्याने एका वेल्डरकडून एक पाळणा बनवून घेतला. खालून हवा खेळावी, वरून इंधन खचू नये, आणि पाऊस आला तर पत्रा टाकता यावा, अशी त्याची रचना होती. तो पाळणा ज्या दिवशी घरी आला त्या दिवशी शेजारच्या बाईची किंकाळी ऐकून मी धावत गेलो. हा त्यात डोळे मिटून, हात छातीवर घेऊन, आडवा पडलेला होता.

"अरे, उठ!"

"गुरुजी आले का? बरं झालं. पाय बाहेर येऊन राहिले का, पाहा बरं."

"येत नाहीत."

"डोक्याकडे जागा आहे का?"

"वीतभर आहे. आता उठ, लोक जमले आहेत."

"मंग तुमी एकडाव झोपून पाहा. तुमी माह्यापेक्षा उंच."

मी नकार दिला. माझा नकार इतका स्पष्ट होता की जमलेले लोक हसले, आणि त्या लोकांनीच पुढे अशी आवई उठवली की मी त्याचा पहिला शिष्य होतो. मी कुणाचाही शिष्य नव्हतो. मी त्याचा विरोधक होतो, आणि माझा विरोध काही फुटकळ नव्हता. त्याचे म्हणणे असे की डेपोतले लाकूड दरवर्षी अधिक दुरून येते. "आपल्या गावचा मेला दुसऱ्या गावचं जंगल जाळून राहिला," असे तो म्हणे, आणि यात मला खोट दिसत नसे. माझे म्हणणे एवढेच होते की चितेवर नुसते इंधन नसते. त्यावर तो विचारी, "मंग काय असते?" आणि मी म्हणे, "तुला दिसेल."

त्याला दिसले, आणि ते भर पाळीवर दिसले.

पानठेलेवाल्याचे वडील भादव्यात वारले. पानठेलेवाला रोज त्याचे ऐकून ऐकून अर्धा वळलेलाच होता. बाहेर पावसाची झड लागली होती. त्याने हो म्हटले. पाळणा पाळीवर नेला. गोवऱ्या आणि भुशाचे ठोकळे त्याने आदल्या आठवड्यापासून कोरडे राखले होते. त्याने सरण असे काटेकोर रचले की बोट शिरायला जागा नव्हती. मग तिरडी आली, आणि तिरडीमागून गाव आले. आणि गावाच्या प्रत्येक खांद्यावर, नेहमीप्रमाणे, एकेक लाकूड होते.

सर्वांत पुढे एक म्हातारा शेतकरी होता. त्याचे आणि मृताचे धुऱ्यावरून भांडण होते. दोघांची जमीन लागून, आणि दोघांनी बोलणे सोडून एक पिढी वाढली होती. तो येईल असे कुणालाही वाटले नव्हते. तो मोहाचे एक जाडजूड लाकूड घेऊन आला होता. पाळण्यासमोर उभा राहून त्याने विचारले, "डेपोबाबू, माह्यं लाकूड कोठं ठेवू?"

आमचा शास्त्रज्ञ घाईत होता. पत्रा वाऱ्याने हलत होता. तो म्हणाला, "नाही लागत. घरी नेऊन टाका."

"घरी नेऊ?" म्हातारा म्हणाला. "मातीले आनलेलं लाकूड घरी नेत असतात का बे?"

मागून आवाज उठले. "काऊन नाही लागत?" "आमचं लाकूड काय इटाळलं का?" "शेनाले जागा आहे, मानसाले नाही?" याने छत्री आपटून, ओला ओंडका हवा कशी कोंडतो ते समजावून सांगायला सुरुवात केली. त्याचे सगळे शास्त्र बरोबर होते. पानठेलेवाल्याचा बाप पावसात, धुराविना, नेटका जळाला; असे दहन आमच्या पाळीवर त्याआधी झाले नव्हते. आणि तो जळत असताना गावाने आपापली लाकडे पाळीच्या कडेला टाकली आणि पाठ फिरवली. म्हाताऱ्याने सर्वांत शेवटी टाकले. टाकले म्हणजे ठेवलेच, पण जमिनीवर.

तो ढीग तिथेच राहिला. मातीचे लाकूड चुलीत घालता येत नाही, घरी नेता येत नाही, आणि दुसऱ्याच्या चितेवरही चालत नाही. त्यावर अळंबी उगवली. मोहाचे ते लाकूड अगदी वर होते. याची रोजची वाट त्याच पाळीवरून. मी पाहत असे: सगळ्या जगाची चौकट ठोकणारा हा माणूस त्या ढिगाजवळ येई, छत्री काखेत धरी आणि न ठोकता पुढे जाई.

धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, सुमारास तो एकदा पानठेल्यावर माझ्याजवळ बसला. सुपारी चघळत म्हणाला, "त्या बुढ्याचं भांडन अजून पाळीवरच पडून आहे, गुरुजी."

"आहे," मी म्हणालो.

"मिटवाले आनलं होतं त्यानं."

"होय."

"तं मले तवाच काऊन नाही सांगतलं?"

"दोन वर्षे सांगत होतो. तू ठोकून पाहत होतास, ऐकत नव्हतास."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. मी बसून राहिलो. मग तो उठला, पाळीवर गेला, आणि तो सगळा ढीग त्याने एका कोरड्या दुपारी एकट्याने, लाकूड लाकूड सुटे करून, रचून जाळला. त्या म्हाताऱ्याला त्याने बोलावून आणले आणि मोहाचे लाकूड त्याच्याच हाताने ठेववले. हेही फलकावर नाही.

त्यानंतर तो दारोदार फिरू लागला. याला लोक आता प्रचार म्हणतात. प्रचार कसला? तो प्रत्येक दारात एकच वाक्य बोले: "मातीले लाकूड नोका आनू, गोवरी आना. पन एक, अन् घरची." विकतची त्याला चालत नसे. ज्याच्या गोठ्यात जनावर नसेल त्याने शेजारून शेण मागावे, पण थापावे आपल्या हाताने. गोवरीवर पाच बोटे उमटली पाहिजेत. बोटे नसलेली तो परत करी. "हे कोनाच्या घरची? बोटं कोठं आहेत?" असे म्हणून त्याने एका माजी सरपंचाला पाळीवरून घरी पिटाळले होते. लोक चिडले, हसले, आणि हळूहळू आणू लागले. त्यात त्यांना वावगे वाटेना. पूर्वी जे खांद्यावर आणीत ते आता हातात आणू लागले. ठेवून बाजूला होणे तेच राहिले. आसपासच्या दोन-तीन गावांतही ही रीत गेली. चोरखमाऱ्याकडचे एक कुटुंब एकदा पाळणा मागायला आले, तेव्हा त्याने पाळणा देण्याआधी विचारले, "घरोघरच्या आल्या का?"

मी आणली नाही. त्याच्या हयातीत ज्या ज्या मातीला गेलो, लाकूड घेऊन गेलो. आणि प्रत्येक वेळी त्याने ते माझ्या हातून घेऊन पाळण्याबाहेर, पण आदराने, ठेवले आणि नंतर वेगळे जाळले. गाव याला आमचा तमाशा म्हणे.

"गुरुजी, एक गोवरी थापाले तुमचा हात झिजते का?"

"झिजत नाही. पण माझ्या बापाने लाकूड नेले, मी लाकूड नेईन. तुझे शास्त्र मला मान्य आहे. तुझा हुकूम मान्य नाही."

"म्या तुमचं लाकूड आत ठेवू देणार नाही."

"तू मेल्यावर कसा अडवशील?"

तो हसू लागला. एवढा हसला की त्याला खोकला लागला. "तं मंग माह्याच मातीले आना. पन बारीक आना, गुरुजी. अन् वाळलेलं. मले टायर नोको."

हे संभाषण पानठेल्यावर झाले. पानठेलेवाला जिवंत आहे. त्याला विचारता येईल.

मागच्या हिवाळ्यात, सकाळचे ऊन अंगणात येता येता, तो खाटेवर बसल्याबसल्या गेला. पुतण्या गोंदियाहून आला, आणि त्याच्यामागे ट्रॅक्टरची एक ट्रॉली आली, लाकडाने भरलेली. चांगले, जाड, सरळ लाकूड. मला त्याच्या बायकोची माती आठवली. पुतण्या वाईट मनुष्य नाही. त्याला खरेच वाटत होते की काकाचा मान ठेवायचा तर तो असाच.

पाळणा रचून तयार होता. गाव हातात एकेक गोवरी घेऊन उभे होते. पुतण्या म्हणाला, "लोग क्या कहेंगे? खुद का भतीजा असून शेनानं जाळलं म्हनतील. उतरवा रे लाकडं." ट्रॉलीवरची माणसे उतरली. कुणी पुढे झाले नाही, आणि कुणी अडवलेही नाही. मी पुढे गेलो आणि ट्रॉलीच्या फाळक्याला पाठ लावून उभा राहिलो. माझे वय पाहता हा अडथळा फार मोठा नव्हता, हे मला मान्य आहे. पण मला उचलून बाजूला ठेवण्यास कुणी धजत नव्हते.

"गुरुजी, हटा ना जी," पुतण्या म्हणाला. "आता आनलं आहे. मातीचं लाकूड वापस नेत नाही, तुमीच सांगता ना?"

हा मुद्दा बिनतोड होता. रीत त्याच्या बाजूने होती. उत्तर मागून आले. धुऱ्यावरच्या भांडणाचा तो म्हातारा आता नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालतो. तो गर्दीतून म्हणाला, "घरून आनलेलं वापस नेत नाही, बाबू. इकत आनलेलं नेतात. तुह्या घरचं कोन्तं आहे यात?"

पुतण्याने आपल्या माणसांना हाताने थांबवले. म्हातारा पाळण्यापाशी गेला, पहिली गोवरी त्याने ठेवली, आणि बाजूला झाला. मग गावाची रांग लागली. पानठेलेवाल्याने ठेवली. माजी सरपंचाने ठेवली. तिच्यावर बोटे होती. कुणाच्या तरी बायकोने शेजारच्या घरातली एक वाळलेली गोवरी पुतण्याच्या हातात दिली आणि तिच्यावर ओल्या शेणाचा एक पातळ थर लिंपला. त्याने त्यावर आपला हात उमटवला. तीही ठेवली गेली.

सर्वांत शेवटी मी गेलो. माझ्या हातात आंब्याची एक फांदी होती, मनगटाएवढी, कित्येक उन्हाळे माळ्यावर वाळून हाडासारखी हलकी झालेली. ती मी पाळण्याच्या आत, सगळ्या गोवऱ्यांवर, ठेवली. कुणीही ती बाहेर काढली नाही.

ते लाकूड म्हणजे हे. त्याने पुतण्याजवळ मागितले नव्हते, त्याला काही पटले नव्हते, त्याने माघार घेतली नव्हती. ते माझ्या घरचे लाकूड होते. त्याच्याच आंब्याचे होते, आणि सर्वांत आधी तेच पेटले.

आता सगळ्यांना सगळे पटले आहे. आमच्या बचत गटाच्या बाया मातीसाठी गोवऱ्या करून विकतात. साच्यातून काढलेल्या, गोल, एकसारख्या, आणि 'पर्यावरणपूरक' असे छापलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलेल्या. त्या चांगल्या जळतात. त्यांच्यावर बोटे नसतात. तो असता तर किती पिशव्या परत गेल्या असत्या याचा विचार मी करीत असतो. बायांना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तं गोवरीच्या इरोधात होते ना?" होतो. आहे. म्हणूनच माझ्या शब्दाला किंमत असावी.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी त्या सभेत सांगितली नाही, कारण तोवर मला बसवण्यात आले होते.

जाण्यापूर्वीच्या दिवाळीत तो माझ्या घरी आला होता. चौकट ठोकली, "अजून उभी आहे," असे म्हणाला, आणि माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर, एक वाळलेली गोवरी ठेवली.

"हे काय आहे? उचल."

"माह्या घरची आहे," तो म्हणाला. "माह्या मातीले तुमी लाकूड आनान. पन तुमच्या मातीले माह्या घरून कोन येईल? घरी कोन आहे? म्हनून आधीच आनून देली."

"मी आधी गेलो तर?"

"तं मीच घेऊन येईन ना. पन तुमी नाही जात. तुमचं भांडन सरलं नाही अजून."

"ही टेबलावर राहणार नाही," मी म्हणालो.

"माळ्यावर ठेवा. तेथचं लाकूड निंघालं का जागा होईल."

ती माळ्यावर आहे. सुनेला तिच्यामुळे किडे होतील अशी भीती वाटते. मुलगा नागपूरहून फोनवर म्हणतो, बाबा, टाकून द्या. मी दोघांनाही सांगितले आहे. माझी माती कशी करायची ते तुम्ही ठरवा: पाळणा, लाकूड, विजेची भट्टी, जे तुम्हाला शोभेल ते. त्या वेळी मी वाद घालायला नसेन. पण ती गोवरी माझ्यावर ठेवायची. ओळखायला अवघड नाही. तिच्यावर चार बोटे पुरी आहेत आणि एक तुटके.

आणि ती पाहून पाळीवर कुणी म्हणालेच की गुरुजींना शेवटी पटले, तर त्याला हा लेख वाचून दाखवावा. मला काही पटलेले नाही. ती गोवरी माझी नव्हे. त्याच्या घरची आहे.